४,२९,४९,६७,२९७ चा ६४१ हा अवयव मुलांना कसा सापडावा?

खांडेपारकाठ

मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर अकरावीची काही मुले अभ्यासक्रमाबाहेरचे गणित करायला थांबतात, आणि सध्या आम्ही एकाच संख्येपाशी मुक्काम ठोकला आहे. ती संख्या म्हणजे २^३२ + १, अर्थात ४,२९,४९,६७,२९७. (^ ही खूण घातासाठी वापरली आहे.)

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा आणि १६ वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ ही माळ मिळते, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. फर्माने १६४० मध्ये आपल्या पत्रांतून असे मत मांडले की ही माळ पुढेही मूळ संख्यांचीच राहील. पूर्ण सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने कळवले होते. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने हा प्रश्न ऑयलरपुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की माळेतली सहावीच संख्या ६४१ × ६७,००,४१७ अशी फुटते.

मुलांनी गुणाकार करून पाहिला आणि तो जुळला. मग एका मुलीने विचारले की ६४१ त्याला सुचला कुठून? पुस्तकांत बहुधा एक युक्ती दिलेली असते. ६४१ म्हणजे ५ × २^७ + १, आणि ६४१ म्हणजेच ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. आता ५^४ च्या जागी −२^४ ठेवले की −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. सिद्धता देखणी आहे, परंतु ज्याच्या हातात ६४१ आधीच आहे त्यालाच ती उपयोगी पडते, शोधणाऱ्याला नाही. ती अगदी शेवटी दाखवावी असे माझे मत आहे. सुरुवात मात्र कशाने करावी?

म्हादई

बाई, सरळ भागाकाराने करा. २ पासून एकेक मूळ संख्या घेऊन भागत गेल्यास ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. तीस मुलांना प्रत्येकी चार भाजक वाटून दिले की एका तासिकेत कुणाच्या तरी वहीत बाकी शून्य येणारच. आपल्या हाताने सापडलेला अवयव मुले विसरणार नाहीत, आणि त्यासाठी कोणतेही प्रमेय लागत नाही.

अबोली

म्हादई, मुलांना उत्तर मिळेल हे मान्य. पण त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. शिवाय आपल्याला ११६ हा आकडा ठाऊक आहे म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. संख्या खरोखरच मूळ निघाली असती, तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते, आणि त्या ६,५४२ आहेत. कुठे थांबायचे हे आधी कळत नसताना सुरुवात करणे ही वेगळीच गोष्ट आहे.

केपेकर

मी महाविद्यालयात पुष्कळ वर्षे संख्याशास्त्र नव्हे, तर संख्या सिद्धांत शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑयलर वाटेल त्या संख्येने भागत बसला नाही. अवयव असलाच तर तो कोणत्या रूपाचा असला पाहिजे, हे त्याने आधी ठरवले. समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. तर प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ येते. आता २ च्या ज्या सर्वांत लहान घाताची बाकी १ येते, तो घातांक ६४ चा विभाजक असला पाहिजे. तो ३२ किंवा त्याचा विभाजक असू शकत नाही, कारण तसे असते तर २^३२ ची बाकी १ आली असती. म्हणून तो नेमका ६४ आहे. दुसरीकडे फर्माचेच छोटे प्रमेय सांगते की २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ येते. त्यामुळे ६४ ने प − १ ला भाग गेलाच पाहिजे. अवयव ६४क + १ याच रूपाचा हवा (क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या). बाकीच्यांना दारातूनच परत पाठवायचे.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे ११६ भागाकारांच्या जागी पाच.

आणि त्या पाचांसाठीही दहा अंकी संख्येला हात लावावा लागत नाही. वर्ग करावा, भागावे, बाकी ठेवावी, पुन्हा वर्ग करावा. ६४१ साठी वहीत एवढेच लिहावे लागते: २^८ = २५६. २^१६ = ६५,५३६; यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले की बाकी १५४. आता १५४ चा वर्ग २३,७१६; यातून ६४१ × ३६ = २३,०७६ वजा केले की बाकी ६४०. म्हणजे २^३२ ची बाकी ६४०, त्यात १ मिळवला की ६४१, आणि भाग नि:शेष. चार ओळींचे काम आहे.

पर्वरीचा_अनंत

केपेकर सरांची रीत मी आत्ताच उरलेल्या चौघांवर चालवून पाहिली. २^३२ ची बाकी १९३ ने भागल्यास १०८ येते, २५७ ने १, ४४९ ने ३२४ आणि ५७७ ने २८७. मिळवायचा १ धरूनही कुठेच भाग जात नाही. ६४१ च्या आधी काही सुटलेले नाही, याची खात्री झाली.

मी संगणकक्षेत्रात काम करतो, त्यामुळे ही संख्या मला दुसऱ्या बाजूने ओळखीची आहे. ३२ अंकी द्विमान जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ असते. इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या २^३२, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. आणि आपली संख्या तिच्या लगेच पुढची. द्विमान पद्धतीत ती १, मग ३१ शून्ये, मग १ अशी दिसते. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असेल. त्या पटाच्या पहिल्या अर्ध्या भागातले, म्हणजे ३२ घरांतले दाणे मोजले तर एकूण ४,२९,४९,६७,२९५ भरतात. मुलांना संख्येचा आवाका कळायला तेही सांगता येईल.

अबोली

आवाका कळेल, पण धाग्याचा प्रश्न अवयवाचा आहे. शेजारच्या संख्यांनी त्यात काय भर पडते?

वर्गमूळ

अबोलीताई, बरीच भर पडते. ४,२९,४९,६७,२९५ चे अवयव पाहा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. माळेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार म्हणजे सहावी संख्या वजा २. हा नियम माळेत सगळीकडे चालतो: ३ × ५ = १७ − २, ३ × ५ × १७ = २५७ − २. त्यामुळे सहाव्या संख्येचा आणि आधीच्या कुठल्याही संख्येचा सामाईक विभाजक असलाच, तर त्याने २ ला भागले पाहिजे. या सगळ्या विषम असल्याने तो १ शिवाय दुसरा असूच शकत नाही. म्हणून केपेकर सरांच्या यादीतून २५७ ही संख्या न भागताच वगळता येते. पाचाचे चार झाले.

याच गोष्टीतून मूळ संख्या अनंत आहेत हेही सिद्ध होते. माळेतली प्रत्येक संख्या आपापला नवा मूळ अवयव घेऊन येते आणि माळ कधी संपत नाही. हा युक्तिवाद गोल्डबाखचा आहे.

भूमितीशीही संबंध आहे. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पट्टी व कंपासने सुसम सतराभुज काढता येतो हे दाखवले. विषम बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने नेमका तेव्हाच काढता येतो, जेव्हा बाजूंची संख्या या माळेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असते. यातला ‘इतर वेळी नाहीच’ हा भाग वाँझेलने १८३७ मध्ये सिद्ध केला. सहावी संख्या फुटली आणि तिच्या पुढची एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही, म्हणून असा काढता येणारा, ज्ञात असलेला सर्वांत मोठा विषम बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे. ऑयलरचा तो एक अवयव सापडला नसता, तर ही मर्यादा कुठे आहे हे आपल्याला वेगळेच वाटत राहिले असते.

डिचोलीकर

मला संख्यांचे अंक पाहण्याचा नाद आहे. या संख्येच्या अंकांची बेरीज ५९, आणि ती स्वतः मूळ संख्या आहे. शेवटी ७ आहे. शेवटचे तीन अंक २९७; त्याचा वर्ग ८८,२०९ आणि ८८ + २०९ = २९७, म्हणजे देवळालीच्या कापरेकरांनी वर्णिलेल्या संख्यांपैकी एक. मुलांना हे आवडेल.

केपेकर

डिचोलीकर, कापरेकरांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. शाळेत शिकवत असताना एकट्याने एवढे काम उभे करणे सोपे नव्हते. पण अंकांची बेरीज ५९ येणे हा दशमान पद्धतीतला योगायोग आहे. दहाऐवजी बारा हा पाया घेऊन लिहिले की तो नाहीसा होतो. ६४१ ने भाग जाणे कोणत्याही पद्धतीत कायम राहते. मुलांपुढे दोन्ही गोष्टी एकाच पंक्तीला बसवू नयेत असे मला ठामपणे वाटते.

डिचोलीकर

सर, शेवटचा ७ योगायोगाचा नाही. १६ चा कोणताही घात ६ नेच संपतो, म्हणून १७ पासून पुढे माळेतली प्रत्येक संख्या ७ नेच संपते. आणि दशमानातूनही ६४१ पर्यंत पोचता येते. १ ला ६४१ ने भागून दशांश काढत गेलात तर ३२ अंकांनंतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, कारण ६४१ ने १०^१६ + १ ला भाग जातो. त्या संख्येचे अवयव ३५३ × ४४९ × ६४१ × १४०९ × ६९,८५७ असे आहेत. यांतल्या प्रत्येकातून १ वजा केला की ३२ ने भाग जातो. हे सरांनी वर सांगितलेल्याच नियमाचे दुसरे उदाहरण आहे. फक्त २ च्या जागी १० आहे आणि ६४ च्या जागी ३२.

केपेकर

हे उत्तम उदाहरण आहे आणि मुलांना जरूर द्यावे. भागाकार करता करता बाक्या पुन्हा येऊ लागतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, की सर्वांत लहान घातांक ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अंकांच्या बेरजेविषयी माझे मत मात्र तेच आहे.

काणकोणकर

एक प्रश्न. छोटे प्रमेय फर्माचेच, तर त्यालाच ६४१ का सापडू नये?

वर्गमूळ

या प्रश्नावर मी फार विचार केला आहे. साधने त्याच्याकडे होती, इतके निश्चित. १६४० मध्येच त्याने २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे शोधले, आणि तेही याच पद्धतीने: तिथे अवयव ७४क + १ या रूपाचा लागतो, पहिला उमेदवार १४९, दुसरा २२३. म्हणजे रीत हाताशी, संख्या समोर, आणि भागाकार फक्त पाच. त्याने हे करून पाहिलेच नाही की करताना कुठे चुकले, याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. परंतु पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला नाही, हे वर्गात सांगायला यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. २ हा पाया घेऊन छोट्या प्रमेयाची कसोटी लावली, तर ही संख्या त्या कसोटीला पूर्ण उतरते. २^३२ ची बाकी −१, २^६४ ची १, आणि आपल्या संख्येतून १ वजा केले की उरणारी २^३२ ही ६४ ची पटच आहे; तेव्हा त्या घाताचीही बाकी १ च येणार. मूळ नसूनही ती मूळ असल्यासारखी वागते. पाया ३ घेतला की खरे रूप उघड होते. १८७७ ची पेपँची कसोटी सांगते की संख्या मूळ असेल तर ३ च्या २^३१ व्या घाताची बाकी −१ आलीच पाहिजे. प्रत्यक्षात ती १,०३,२४,३०३ येते.

पर्वरीचा_अनंत

पेपँची कसोटी संख्या फुटते एवढेच सांगते, कशी फुटते ते सांगत नाही. माळ ० पासून मोजली तर ५ ते ३२ क्रमांकांच्या साऱ्या संख्या मूळ नाहीत हे ठाऊक आहे. तरी २० व्या आणि २४ व्या क्रमांकाच्या संख्यांचा एकही अवयव आजवर कुणाला मिळालेला नाही. १२ वी अजून पूर्ण फोडून झालेली नाही. ३३ व्या क्रमांकाची संख्या मूळ आहे की नाही, हेही अद्याप ठरलेले नाही.

अबोली

आता मी या संख्येचा मला सर्वांत प्रिय असलेला गुणधर्म मांडते, कारण त्यात आपल्याकडचा एक फार जुना विचार कामी येतो.

२^३२ + १ म्हणजे ६५,५३६² + १². ही दोन वर्गांची बेरीज उघडच दिसते. पण तीच संख्या ६२,२६४² + २०,४४९² अशीही लिहिता येते. पहिला वर्ग ३,८७,६८,०५,६९६, दुसरा ४१,८१,६१,६०१, बेरीज ४,२९,४९,६७,२९७. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते, हे ऑयलरने सिद्ध केले. येथे प्रकार दोन आहेत, म्हणून ही संख्या मूळ नाही. अवयवाचे नावही न घेता निकाल लागला.

पुढे याच दोन मांडण्यांतून अवयव बाहेर येतो. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. या दोहोंचा मसावि ८ आहे; त्याने भागल्यावर ४०९ आणि २,५५६ उरतात. आता ४०९² + २,५५६² करून पाहा: १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. मोठा अवयव आपोआप हातात आला! लहान अवयव ६४१ म्हणजे २५² + ४².

हे का घडते, त्याचे उत्तर ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तातल्या ‘भावना’ नावाच्या नियमात आहे. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तोही दोन प्रकारे. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६; यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. तसेच २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४; यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. चारही संख्या जागच्या जागी बसतात. पहिल्यांदा हे वहीत मांडले तेव्हा त्या वजाबाकीतून नेमका १ उरलेला पाहून मी किती तरी वेळ त्या पानाकडेच बघत होते.

म्हादई

अबोलीताई, हे फार सुंदर आहे. पण ६२,२६४ सापडणार कसा? तोही आयता दिला, तर मुलगी पुन्हा तोच प्रश्न विचारील.

अबोली

बरोबर आहे. हातांनी तो शोधणे ६४१ शोधण्यापेक्षा कितीतरी जड आहे. म्हणून हा भाग मी अवयव सापडल्यानंतरच घेईन. शोधाची रीत केपेकर सरांचीच.

काणकोणकर

६७,००,४१७ पुढे फुटत नाही, याची खात्री कशी करावी? तिथेही हजारो नाही तरी शेकडो भागाकार लागतील.

केपेकर

नाही लागत. तिचा प्रत्येक मूळ अवयव २^३२ + १ चाही अवयव असल्यामुळे तोच नियम लागू होतो. शिवाय १८७८ मध्ये लुकाने तो आणखी कडक केला: अवयव १२८क + १ या रूपाचाच असतो, कारण ८ ने भागल्यावर १ बाकी देणाऱ्या मूळ संख्येसाठी २ ची बाकी कुठल्या तरी वर्गाची बाकी असते आणि त्यामुळे ६४ ने (प − १) च्या अर्ध्यालाही भाग जातो. वर्गमूळ सुमारे २,५८८. तिथपर्यंत, ६४१ पासून पुढे, या रूपाच्या मूळ संख्या चारच आहेत: ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे.

ऑयलरच्या ६४क + १ च्या यादीत वाटेत १७२९ लागते, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. रामानुजनच्या नावाने ओळखली जाणारी ही संख्या ७ × १३ × १९ असल्याने ती लगेच बाद होते.

डिचोलीकर

१४०९ पुन्हा आला! १०^१६ + १ च्या अवयवांत तोच होता.

खांडेपारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाचता वाचता माझा क्रम ठरत गेला, तो लिहिते.

केपेकर सरांचे प्रमेय पहिल्याच शनिवारी मांडले, तर निम्मी मुले गळतील. म्हणून सुरुवात डिचोलीकरांच्या दशांशांनी करीन: १ ला ७, १३, १७ यांनी भागायचे आणि बाक्या कुठे परत येतात ते मुलांनीच टिपायचे. १७ ला सोळा अंकांनी, १३ ला सहा अंकांनी, आणि दरवेळी त्या लांबीने प − १ ला भाग जातो, हे त्यांच्या नजरेस येऊ द्यायचे. नंतर १० च्या जागी २ ठेवायचा. त्यानंतर वर्गमूळ यांनी सांगितलेला २^३७ − १ घ्यायचा, कारण तिथे दुसऱ्याच भागाकाराला २२३ सापडतो आणि रीत चालते याचा विश्वास बसतो. मग कुठे आपली संख्या; आणि ६४१ च्या त्या चार ओळी फळ्यावर त्या मुलीनेच लिहाव्यात अशी माझी इच्छा आहे. म्हादई यांचा वाटून भागाकारही सोडणार नाही, पण तो यादीतल्या पाच संख्यांवर. अबोलीताईंचा ब्रह्मगुप्त त्याच्या पुढच्या शनिवारी.

म्हादई

बाई, पाच भाजकांत तीस मुले कशी गुंतवणार?

खांडेपारकाठ

सहा-सहांचे गट करीन. एक जण वर्ग करील, दुसरा भागेल, बाकीचे ताळा पाहतील.

वर्गमूळ

ज्यांचे लवकर आटोपेल त्यांना माळेतली पुढची संख्या द्या: २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हिचा लहान अवयव २,७४,१७७ आहे, पण तो सांगू नका. लुकाच्या नियमाने तो २५६क + १ या रूपाचा असतो आणि क येथे १,०७१ आहे. सगळे उमेदवार तपासणे वर्गात शक्य नाही. मात्र पहिले दहा-वीस तपासून झाले की ऑयलरला ६४१ इतक्या लवकर भेटणे हे किती भाग्याचे होते, हे मुलांना स्वतःच कळेल.

केपेकर

पहिल्या उमेदवारांत २५७ आहे. तो का तपासायचा नाही, हे मात्र मुलांकडूनच काढून घ्या.